‘सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्ड’ म्हणजे नेमकं कोण?

2015 नंतरचा नाशिकचा पुढचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे. परदेशी स्थायिक झालेल्या घरांमधून त्याची तयारी आतापासून सुरू झाली आहे. कुणी रामकुंडावर येऊन पणजोबांचं नाव पुरोहितांच्या वहीत शोधणार, कुणी इथल्या नातेवाइकांना तिकडे बोलावणार. दोन्हीकडे एकाच ठिकाणी गाडी अडते. व्हिसाच्या निमंत्रणपत्रात ‘तुमचं नातं काय?’ ही ओळ येते आणि आपण तिथे ‘कझिन ब्रदर’ लिहून मोकळे होतो. किंवा टोरांटोत जन्मलेली पोर वहीतली पानं बघून विचारते की ही स्मिताआत्या माझी ‘आंट’ आहे का? घरातले सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ आहे.

आपण ज्याला एका दमात नातं म्हणतो, ते इंग्रजी फक्त पिढ्या मोजून सांगतं. बाजू मराठीत कळते, अंतर इंग्रजीत कळतं. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. पण आधी उच्चार, कारण फॉर्मवर बरोबर लिहिलेला शब्द मुलाखतीच्या खिडकीशी चुकीचा बोलला जातो.

सिलॅबल किती, आघात कुठे

सिलॅबल म्हणजे एका स्वराच्या ठोक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. लिहिलेली अक्षरं मोजायची नाहीत, ठोके मोजायचे. ‘नाशिक’ लिहिताना अक्षरं तीन, बोलताना तुकडे दोन: ना-शिक. ‘पणजोबा’त अक्षरं चार, तुकडे तीन: पण-जो-बा. शेवटचा आणि मधला ‘अ’ आपण मराठीत सर्रास गिळतो, त्यामुळे हा फरक आपल्या जिभेला आधीच ठाऊक आहे, फक्त त्याला नाव नव्हतं.

आघात म्हणजे त्यातल्या एका तुकड्यावर दिलेला जोर. इंग्रजीत जोराचा तुकडा थोडा मोठ्यानं, थोडा लांब आणि किंचित चढ्या सुरात येतो. उरलेल्या तुकड्यांतले स्वर आक्रसतात, आणि आपली चूक नेमकी तिथे होते. मराठीत कुठल्याही तुकड्यावर जोर दिला तरी शब्द ओळखू येतो, म्हणून आपण सगळे तुकडे सारखे वाजवतो. इंग्रजी कानाला मात्र आधी आघात ऐकू येतो आणि मग शब्द.

आता आपला शब्द. ‘कझिन’मध्ये दोन सिलॅबल, आघात पहिल्यावर. पहिल्या तुकड्यातला स्वर ‘कप’मधला ‘अ’. स्पेलिंगमध्ये ‘ओ’ आणि ‘यू’ शेजारी बसलेले दिसतात म्हणून ‘कौसिन’ म्हणायचं नाही. दुसऱ्या तुकड्यात लिहिताना ‘आय’ असला तरी ‘इ’ वाजत नाही, तिथे ओझरता ‘अ’ असतो, तोही कित्येकदा ‘न’मध्ये विरून जातो. म्हणजे देवनागरीत जवळचं रूप ‘कझिन’ नसून ‘कझन’ आहे. आपल्याकडे ‘कझिन’ रूढ झालंय, त्यामुळे इथेही लिहिताना तेच ठेवलंय. बोलताना मात्र ‘कझन’.

मधलं व्यंजन जरा जपून. ते ‘माझा’तला हवा सोडणारा ‘झ’ नाही आणि ‘जीभ’मधला ‘ज’ही नाही. ‘बाजार’मधला ‘ज’ बराच जवळचा, पण तो म्हणताना पुष्कळांची जीभ क्षणभर वर टेकते. इथे टेकवायची नाही. लांब ‘सऽऽऽ’ म्हणा, मग जीभ तिथेच ठेवून गळ्यातून आवाज काढा. गळ्यावर बोटं ठेवली तर कंप जाणवेल. तोच आवाज हवा. कंप नसेल तर ‘कसन’ होतं, आणि समोरचा ‘पार्डन?’ म्हणतो.

अनेकवचनात शेवटी तोच गुणगुणता आवाज येतो, तुकडे दोनच राहतात. ‘नीस’ म्हणजे भाची किंवा पुतणी, हा मात्र एका तुकड्याचा शब्द अनेकवचनात दोन तुकड्यांचा होतो, कारण ‘स’ला ‘स’ चिकटत नाही, मध्ये स्वर घालावा लागतो: नी-सिझ.

शब्दकोशात हे सगळं एका खुणेत मिळतं. उच्चार दाखवताना ज्या तुकड्याआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, तिथे प्रमुख आघात. रेघ खालच्या बाजूला असेल तर दुय्यम. ‘ग्रेट-ग्रँडमदर’ म्हणजे पणजी. तुकडे चार, खालची रेघ ‘ग्रेट’आधी, वरची ‘ग्रँड’आधी. म्हणजे जोर ‘ग्रेट’वर नाही, ‘ग्रँड’वर. बोलण्यात ‘ड’ बहुतेक वेळा गळतो, ‘ग्रॅन्मदर’ होतं. ‘ग्रँडपा’चं तर ‘ग्रॅम्पा’ होतं, कारण ‘प’च्या आधी येणारा ‘न’ ओठांवर येऊन ‘म’ होतो. आपण ‘संप’मधला अनुस्वार ‘म’ म्हणून उच्चारतो, त्यामागेही हेच कारण आहे. हा आळस नाही, तोंडाची सोय आहे.

मुळात हा शब्द मावसभावंडांचा

‘कझिन’ लॅटिनमधल्या ‘कॉन्सोब्रिनुस’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘आईच्या बहिणीचं मूल’. त्याच्या पोटात बहीण या अर्थाचा शब्द आहे, लॅटिनमध्ये ‘सोरोर’, आणि त्याचा संस्कृत भाऊ ‘स्वसृ’. आता मराठीकडे बघा. ‘मातृष्वसृ’ म्हणजे आईची बहीण, प्राकृतातून घासत घासत ती ‘मावशी’ झाली. म्हणजे ‘मावशी’तली ‘शी’ आणि ‘कझिन’मधला ‘झ’ एकाच मुळाचे.

‘अंकल’ लॅटिनमधल्या ‘अवुंकुलुस’वरून आला, त्याचा अर्थ आईचा भाऊ, म्हणजे फक्त मामा. ‘आंट’ आली ‘अमिता’वरून, तिचा अर्थ वडिलांची बहीण, म्हणजे फक्त आत्या. लॅटिनमध्ये काका आणि मावशीसाठी निराळे शब्द होते. जुन्या इंग्रजीतही काका, मामा, आत्या, मावशी असे चारही शब्द स्वतंत्र होते. नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्द घुसले आणि हळूहळू चार खोल्यांच्या दोन झाल्या. तेव्हा ‘इंग्रजांना नाती कळतच नाहीत’ हे जे आपण चहा पिता पिता म्हणतो, ते इतिहासाला धरून नाही. कळत होती, शब्द गेले. आपल्याकडे कॉलेज रोडवरची निम्मी पोरं सगळ्यांना ‘अंकल-आंटी’ म्हणतातच की.

जाता जाता ‘नेफ्यू’: त्याचं लॅटिन मूळ ‘नेपोस’, आणि संस्कृत ‘नप्तृ’ त्याचा सख्खा. त्या ‘नप्तृ’चा मराठीत ‘नातू’ झाला. ‘कझन’ याच उच्चाराचा दुसरा एक इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ ‘फसवणं’. भाऊबंदकीचा अनुभव असलेल्यांना यावर वेगळं भाष्य नको.

फर्स्ट, सेकंड, थर्ड: पायऱ्या मोजा

गोदाघाटाची कल्पना करा. सर्वांत वर एक जोडपं, दोघांचे समाईक पूर्वज. त्यांच्या दोन मुलांपासून दोन बाजूंनी पायऱ्या खाली उतरतात, एक पिढी म्हणजे एक पायरी. दोन माणसांचं नातं काढायचं तर प्रत्येकजण त्या जोडप्यापासून किती पायऱ्या खाली उभा आहे ते मोजायचं. दोन आकडे मिळतात. त्यातला लहान आकडा घ्या, त्यातून एक वजा करा. आलं ते कझिनचं क्रमांक. मग दोन आकड्यांतला फरक काढा. आलं ते ‘रिमूव्ह्ड’.

समजा वरचं जोडपं त्र्यंबक आणि त्यांची बायको, राहणार पंचवटी. त्यांना मुलगा विष्णू आणि मुलगी गोदावरी. विष्णूचा मुलगा मधुकर, गोदावरीची मुलगी सुमन. मधुकरची मुलगी स्मिता, सुमनचा मुलगा राहुल. राहुलची मुलगी ईरा, टोरांटोत जन्मलेली.

मधुकर आणि सुमन दोघेही दोन पायऱ्या खाली. दोनातून एक गेला, उरला एक. फरक शून्य. म्हणून फर्स्ट कझिन. आपल्या भाषेत मामेभाऊ आणि आतेबहीण.

स्मिता आणि राहुल तीन-तीन पायऱ्या खाली. सेकंड कझिन.

स्मिता तीन, ईरा चार. लहान आकडा तीन, वजा एक, दोन. फरक एक. सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्ड. मधुकर दोन, ईरा चार, म्हणून फर्स्ट कझिन ट्वाइस रिमूव्ह्ड.

लहान आकडा एकच असेल, म्हणजे एकजण वरच्या जोडप्याचं मूलच असेल, तर कझिन हा शब्द लागत नाही. तिथे भाऊ, बहीण, अंकल, आंट, नेफ्यू, नीस आणि त्यांना लागणारे ‘ग्रेट’. विष्णू हा ईराच्या पणजीचा भाऊ, त्याला ‘ग्रेट-ग्रेट-अंकल’ किंवा ‘ग्रेट-ग्रँड-अंकल’ म्हणतात. यात एक खड्डा आहे. ‘ग्रेट-ग्रँडमदर’ तीन पिढ्या वर असते, पण ‘ग्रेट-आंट’ दोनच, म्हणजे आजी-आजोबांची बहीण. एकाच ‘ग्रेट’नं दोन ठिकाणी वेगळी उंची दाखवायची, हा इंग्रजीचा गलथानपणा आहे. वंशावळ करणारे म्हणून ‘ग्रँड-आंट’ पसंत करतात, आणि तेच शहाणपणाचं.

‘रिमूव्ह्ड’ म्हणजे नात्यातून काढून टाकलं का?

नाही. इथे ‘रिमूव्ह’चा अर्थ अंतराचा टप्पा. वन्स रिमूव्ह्ड म्हणजे एका पिढीचं अंतर, ट्वाइस म्हणजे दोन. हे नातं दोन्ही दिशांनी सारखंच म्हटलं जातं. ईरा स्मिताची सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्ड, तशीच स्मिता ईराची. कोण वरच्या पिढीतलं हे शब्दात कळत नाही. मराठीला हे सहन होणार नाही, आपल्याकडे एक आत्या असते आणि दुसरी भाची.

उच्चारात बहुतेकजण शेवटच्या शब्दाला तीन तुकडे करतात: रि-मू-व्हेड. तुकडे दोनच आहेत, आघात दुसऱ्यावर, शेवटचा ‘ड’ आधीच्या ‘व्ह’ला चिकटलेला. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळात लागणारं ‘ईडी’ स्वतंत्र तुकडा फक्त ‘ट’ किंवा ‘ड’ नंतर होतं. ‘रिलेटेड’मध्ये तीन तुकडे म्हणूनच आहेत, तिथे आधी ‘ट’ आहे.

पूर्ण पदात सात तुकडे: से-कंड, क-झन, वन्स, रि-मूव्ह्ड. जोर से, क, वन्स आणि मूव्ह्ड या चारांवर, त्यातही साध्या बोलण्यात ‘कझन’चा ‘क’ ‘सेकंड’च्या ‘से’पेक्षा वरचढ. पण कुणी चुकून ‘फर्स्ट कझिन का?’ विचारलं आणि तुम्ही दुरुस्त करत असाल, तर मुख्य जोर उचलून ‘से’वर न्यायचा. ‘नाही, *सेकंड* कझिन.’

‘पण आम्ही तर तिला आत्याच म्हणतो’

म्हणाच. घरात तेच बरोबर आहे. घोळ कागदावर होतो, आणि तो का होतो हे वरच्या कुटुंबात स्वच्छ दिसतं.

सुमन ही मधुकरची आतेबहीण, म्हणून स्मिता तिला आत्या म्हणते. मग आत्याचा मुलगा राहुल आपोआप स्मिताचा आतेभाऊ. राहुलकडून बघितलं तर मधुकर त्याचा मामा, स्मिता मामेबहीण. आणि ईराला स्मिता आत्या. मराठीत शब्द एका पिढीकडून दुसरीकडे जसाच्या तसा उतरतो, सख्खं आहे की लांबचं हे हवं तरच ‘चुलत’, ‘लांबचा’ असं पुढे जोडतात, आणि बोलताना ते सहसा गळतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक पिढीला क्रमांक वाढतो. म्हणून मराठी शब्द ऐकून भाषांतर केलं की राहुल ‘फर्स्ट कझिन’ होतो आणि स्मिता ‘आंट’. फॉर्ममध्ये ‘आंट’ लिहिलंत तर कागद तपासणारा एकच गोष्ट शोधणार: स्मिता आणि ईराचा बाप एकाच आईवडिलांची मुलं आहेत का? जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं वेगळी निघतात. तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण कागद तसं म्हणतो.

इलाज म्हणजे मराठी नाव विसरून आधी पायऱ्या मोजणं.

‘कझिन ब्रदर’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

भारतीय इंग्रजीत ते सर्रास चालतं आणि त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. चुलत, आते, मामे, मावस, त्यात प्रत्येकी भाऊ आणि बहीण, म्हणजे मराठीत आठ नाती. इंग्रजीत त्या आठांना एकच शब्द, त्यात मुलगा की मुलगी तेही कळत नाही. भाऊ म्हटल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण बाहेरच्या माणसाला ‘कझिन’पुढे ‘ब्रदर’ दिसलं की तो कझिन की भाऊ, असा गोंधळ होतो. फॉर्ममध्ये नुसतं ‘कझिन’ लिहा आणि जागा असेल तर पुढे रस्ता लिहा, ‘मदर्स ब्रदर्स सन’. मामेभाऊ या एका शब्दाचा हा तीन शब्दांचा तर्जुमा लांबलचक आहे खरा, पण त्यात शंकेला जागा राहत नाही.

सासरच्या नात्यांना कझिनच्या पायऱ्या लागत नाहीत. ‘इन-लॉ’मधला ‘लॉ’ म्हणजे चर्चचा कायदा, कुणाकुणाशी लग्न निषिद्ध हे तो ठरवायचा. ‘सिस्टर-इन-लॉ’ चार तुकडे, आघात अगदी पहिल्यावर, आणि अनेकवचनाचा प्रत्यय ‘सिस्टर’ला, ‘लॉ’ला नाही. वहिनी, नणंद, मेहुणी, जाऊ सगळ्या याच एका शब्दात कोंबलेल्या.

साटंलोटं, दोन बायका आणि इतर अडचणी

साधं गणित दोन ठिकाणी अडतं.

पहिलं साटंलोटं. एका घरच्या भावाबहिणीची लग्नं दुसऱ्या घरच्या बहीणभावाशी झाली, तर त्यांची मुलं एकमेकांची एका बाजूनं मामेभावंडं आणि दुसऱ्या बाजूनं आतेभावंडं. इंग्रजीत याला ‘डबल फर्स्ट कझिन’ म्हणतात. डीएनए चाचणीत हे लगेच उघडं पडतं. फर्स्ट कझिनमध्ये सरासरी 12.5 टक्के डीएनए सारखा असतो, डबलमध्ये 25 टक्के. परदेशी पोरांनी हौसेनं नळी पाठवली आणि उत्तरात ‘हाफ सिब्लिंग’, म्हणजे सावत्र भावंड, असं आलं तर घरात रामायण होण्याआधी कुणाचं साटंलोटं होतं का ते विचारा. सावत्र भावंडांचाही सरासरी आकडा 25 टक्केच असतो.

दुसरं, आजोबा एक आणि आज्या दोन. मग वरचं समाईक जोडपं नसतं, एकच माणूस समाईक असतो. अशा चुलतभावंडांना ‘हाफ फर्स्ट कझिन’ म्हणतात. जुन्या वंशावळींत हे वारंवार भेटतं, आणि वहीत पहिल्या बायकोचं नाव नसेल तर ते सुटूनही जातं.

मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरात दोन माणसांमध्ये दोन रस्ते निघतात. तिथे जवळचा रस्ता धरायचा.

कायद्यातलं मोजमाप वेगळं आहे, ते इथे मिसळू नका

हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये सपिंड नातं, म्हणजे ज्यात एरवी लग्न निषिद्ध असतं असं जवळचं नातं, आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत धरलं आहे. पण तिथे स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजतात. म्हणजे वडील दुसरी, आजोबा तिसरी. कझिनच्या हिशेबात आजोबा दोन पायऱ्या वर, कायद्याच्या हिशेबात तिसऱ्या पिढीत. माणूस तोच, आकडा एकानं वेगळा. रूढी मान्य करत असेल तर सपिंडातही लग्न वैध ठरतं, म्हणून मामाच्या मुलीशी झालेली कित्येक लग्नं कायद्यात बसतात. वारसाच्या कायद्यात, म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही, पिढ्या मोजताना मृत व्यक्ती धरूनच मोजतात. वकिलाचा कागद बघून व्हिसाचा फॉर्म भरला की सेकंड कझिन थर्ड होतो, तो असा.

रामकुंडावर जाताना हे लिहून न्या

पुरोहितांची वही आडनाव आणि मूळ गाव यांवरून उघडते. तुम्ही गंगापूर रोडला राहता की सिडकोत, याचा तिथे उपयोग नाही. निफाड, सिन्नर, येवला, जे मूळ गाव असेल ते हवं. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, त्यामुळे फोटो काढलात तरी वाचून घ्यायला माणूस लागेल. तिथेच वाचून घ्या आणि प्रत्येक नावापुढे ‘कुणाचा मुलगा’ हे लिहा. नुसत्या नावांची यादी घरी आणून उपयोग नाही, कारण एका घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असते आणि दोन पिढ्यांचे दोन त्र्यंबक एक होऊन बसतात. तसं झालं की धाकट्या त्र्यंबकाच्या वंशजांच्या पायऱ्या दोननं कमी होतात आणि थर्ड कझिन ‘फर्स्ट कझिन ट्वाइस रिमूव्ह्ड’ होतो.

मुलींचा माग इथे पुष्कळदा तुटतो. लग्नानंतर त्यांची नोंद सासरच्या वहीत जाते, सासरचं मूळ गाव वेगळं असेल तर पुरोहितही वेगळे. आपल्या उदाहरणातली गोदावरी विष्णूच्या वहीत शोधून कदाचित मिळणारच नाही, आणि ईराचं त्या घराशी नातं जोडणारी पायरी तीच आहे. तेव्हा निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला दोन गोष्टी विचारून ठेवा: पणजीचं माहेरचं आडनाव, आणि तिला दिलेल्या गावाचं नाव.